न उघडलेल्या पेटीतली चोरी

अनुजा इंगवलेचा आवाज जिन्यात ऐकू आला आणि वसंतराव कुलकर्णी चहा करायला म्हणून आतल्या खोलीत गेले. वसंतरावांना चहा करता येत नव्हता. राजारामपुरीतल्या औषधाच्या दुकानावरच्या त्या कचेरीत त्यांनी आजवर गॅस पेटवलेला कुणी पाहिला नव्हता. कालिंदी सरनाईक टेबलामागून नुसती बघत राहिली.

कालिंदी पूर्वी विमा कंपन्यांसाठी दावे तपासायची. जळालेल्या गोदामांत आणि चोरीला गेलेल्या मोटारींत खरं किती आणि बनाव किती, हे शोधता शोधता तिनं पुढे स्वतःचीच खाजगी तपासाची कचेरी थाटली. वसंतराव तिचे शेजारी, निवृत्त हायस्कूल शिक्षक. अर्धं कोल्हापूर त्यांच्या हाताखालून शिकून गेलेलं, त्यामुळे त्यांना दारातून परत पाठवायची कुणाची छाती होत नसे; तपासात त्यांचा उपयोग एवढाच. डोकं चालवायचं कालिंदीनं, आणि 'असं कसं?' म्हणून विचारायचं वसंतरावांनी, अशी वाटणी ठरून गेली होती.

"सर आत आहेत ना?" अनुजा खुर्चीत बसता बसता म्हणाली. "त्यांनाही बोलवा. त्यांच्यासमोरच बोलायचंय मला."

वसंतराव बाहेर आले, अर्थात चहाशिवाय.

अनुजानं सांगितलेली हकीकत भाऊबीजेच्या दिवशीची होती. तिचा नवरा सम्राट सॉफ्टवेअरमध्ये कामाला, आणि त्याला नाद होता व्हिडिओ गेमच्या कलेक्टर्स एडिशनचा. नवा गेम आला की त्याची साधी डिस्क मिळते, तशी एक भलीमोठी पेटीही निघते. तिच्यात कसला पुतळा, कसला नकाशा, चित्रांचं पुस्तक, असा सगळा थाट. पेट्या मोजक्याच निघतात, म्हणून महाग. आणि खरा शौकीन पेटीवरचं प्लास्टिकसुद्धा फोडत नाही, कारण फोडलं की पेटीचा मान गेला. सम्राटच्या दिवाणखान्यात अशा पेट्यांची भिंतभर फळी होती. त्याचे वडील गणपतराव येताजाता म्हणायचे, "ही कसली मिठाई, दुकानदारानं बांधून दिली आणि गिऱ्हाइकानं सोडलीच न्हाय!"

भाऊबीजेला अनुजाचा धाकटा भाऊ राजवीर नेसरीहून आला होता. जयसिंगपूरचा अभिराम शहा, सम्राटचा ह्याच नादातला मित्र, फराळाला आला होता. सम्राटचे जुने सर म्हणून वसंतरावही होते. ओवाळणं झालं, जेवणं झाली, आणि वाद निघाला: असल्या पेट्या घ्याव्यात का? अभिराम म्हणाला, घ्याव्यात, पण उघडू नयेत. राजवीरला हसू आलं.

"दाजी, म्हस घ्यायची आणि धार काढायची न्हाय, असला ह्यो धंदा. फोडा की एक. बघू तरी काय हाय आत."

सम्राट इरेला पेटला. त्यानं फळीवरची सगळ्यांत मोठी पेटी काढली, जिच्यावर तलवारीचं चित्र होतं ती. अभिरामनं हात धरून 'नको' म्हटलं. गणपतराव म्हणाले, "ऱ्हाऊ दे रं, सणासुदीचं कशाला," आणि पाणी आणायला आत गेले. सम्राटनं मोबाईलचा कॅमेरा चालू केला आणि प्लास्टिक कापलं.

नकाशा निघाला, पुस्तक निघालं, तलवार निघाली. शेवटी डिस्कची पोलादी डबी निघाली. तिच्यात डिस्क बसवायची गोल जागा होती, पण डिस्क नव्हती.

शिवाय तलवार हाताला चिकट लागत होती, आणि मुठीच्या टोकाला पिवळा डाग होता. सम्राट राजवीरकडे वळला. नवरात्रात सम्राट आणि अनुजा कामानिमित्त बेंगळुरूला गेले असताना गणपतरावांच्या सोबतीला राजवीरच त्या घरात राहिला होता, आणि येताना बहिणीसाठी घरची हळद घेऊन आला होता. सम्राटनं मनाशी चोर ठरवून टाकला.

"बॅग दाखव," तो म्हणाला. राजवीर जागचा हलला नाही. मग सम्राट वसंतरावांकडे वळला. "सर, तुम्ही बघा. तुमच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे."

आणि वसंतरावांनी बघितलं होतं. ज्या पाटावर थोड्या वेळापूर्वी त्या पोराला ओवाळलं होतं, त्याच पाटाशेजारी त्यांनी त्याची बॅग पालथी केली होती. विटका टॉवेल, भोकं पडलेला बनियन, आईनं दिलेला रिकामा डबा. डिस्क नव्हती. 'नसणारच, तेव्हाच विकली असेल,' असं सम्राट म्हणाला. राजवीरनं कपडे पुन्हा घडी करून भरले आणि कुणाशी न बोलता निघून गेला.

"माझा भाऊ चोर असेल तर तसं कळू दे," अनुजा म्हणाली. "नसेल तर तेही कळू दे. तो म्हणतोय, खरा चोर सापडल्याशिवाय ह्या दारात पाय ठेवणार नाही. भावाला चोर म्हणणाऱ्या घरात मी कुठल्या तोंडानं राहू?"

ती गेल्यावर कालिंदी वसंतरावांकडे वळली.

"सर, चार दिवस तुम्ही रोज इथं येऊन बसताय. हे मला सांगितलं नाहीत."

वसंतरावांना मान वर करवेना. पस्तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं, आणि स्वतः काय केलं, तर कुणाच्या तरी लेकराचा फाटका बनियन चारचौघांत झटकून दाखवला. त्यांना त्या बनियनचं स्वप्न पडत होतं, पण तेही त्यांनी सांगितलं नाही.

सम्राटच्या घरी ते दोघं गेले तेव्हा तो तावातावानं बोलत होता. पेटी कशी पहिल्या तासात बुक केली, सगळ्या भारतात कशा थोड्याच आल्या, सगळं सांगून झालं.

"पण गेम तर तुम्ही खेळलाय," कालिंदी म्हणाली. "अनुजा म्हणत होती, शेवटापर्यंत खेळलाय."

"हो. तो मी ऑनलाइन वेगळा विकत घेतला. खेळण्यासाठी पेटी कोण फोडतं?"

वसंतरावांना हे एकदम पटलं नाही, पण त्यांनी 'असं कसं?' गिळून टाकलं. आज प्रश्न विचारायचा आपल्याला हक्क नाही असं त्यांना वाटत होतं.

कालिंदीनं फळीवरच्या पेट्या एकेक करून उलट्या केल्या. प्रत्येक पेटीच्या तळाला, उजव्या कोपऱ्यात, सम्राटच्या हातची एक छोटी पांढरी चिठ्ठी होती आणि तिच्यावर अनुक्रमांक. तिनं एका चिठ्ठीखाली नख घातलं. ती प्लास्टिकवरून अलगद सुटली. सम्राट ओरडायच्या आत तिनं पुन्हा चिकटवली. मग तिनं तलवारीची पेटी उलटी केली. त्याच कोपऱ्यात तशीच चिठ्ठी. तिनं नख लावलं, पण चिठ्ठी पुठ्ठ्याला घट्ट बसली होती. तिनं ती ओढली नाही.

"ही तुम्हीच लावलेली?"

"अर्थात. अक्षर माझंच आहे की."

वसंतराव तोवर पेटीच्या मागच्या बाजूची चित्रं बघत होते. काहीतरी काम केल्यासारखं दिसावं म्हणून त्यांनी ती मोठ्यानं वाचून दाखवली: तलवार, कापडी नकाशा, चित्रांचं पुस्तक, पोलादी डबी. कालिंदीनं 'हं' म्हटलं आणि कापलेलं प्लास्टिक मागितलं. सम्राट प्लास्टिकसुद्धा टाकणारा नव्हता. तिनं ते उजेडाकडे धरलं. त्याच्यावर सुईच्या टोकाएवढी भोकं होती, ओळीनं पाडलेली. फळीवरच्या बाकीच्या पेट्यांच्या प्लास्टिकवर तशी नव्हती.

तलवार हातभर लांबीची, दिसायला पोलादी, पण उचलल्यावर हलकी. पात्यावर तेलाचा पातळ थर होता.

"गंजू नये म्हणून कंपनीनं लावलं असेल," वसंतराव म्हणाले.

कालिंदीनं मुठीच्या टोकावरचा डाग भिंगाखाली धरला. पिवळ्याच्या बरोबर मध्यावर लाल कण होते. सम्राट म्हणाला, स्वयंपाकघरातल्या हाताचा डाग आहे, हळद आली तिथं तिखटही येणारच.

जयसिंगपूरला अभिरामचं मोबाईलचं दुकान होतं. वसंतरावांचा संशय त्याच्यावर बसला होता. ती पेटी त्यानं सम्राटकडे दोनदा विकत मागितली होती, आणि उघडू नको म्हणून हात धरणाराही तोच. अभिरामनं दोन्ही गोष्टी खळखळ न करता कबूल केल्या.

"मागितली होती, कारण माझ्याकडे नाही. आणि हात धरला, कारण उघडलेली पेटी माझ्या काय कामाची? डिस्कचं म्हणाल तर ती दुकानात कुठेही मिळते. चोरायचीच तर मी आख्खी पेटी चोरली असती."

कालिंदीनं त्याला तलवारीचा फोटो दाखवला. तेल दिसताच त्याचा चेहराच पडला. "हे कुणी केलं? अहो, ही रेझिनची असते, म्हणजे प्लास्टिकच्याच जातीची. हिला तेल लावलं तर रंग उठतो. कंपनी कशाला लावेल? आमच्यातला कुणी असलं पाप करणार नाही."

परतीच्या वाटेवर वसंतराव म्हणाले, बोलतोय तर साळसूद, पण साळसूद माणसंच जास्त धोक्याची. कालिंदी म्हणाली, "सर, आता राजवीरला फोन लावा."

"तूच लाव ना."

"माझा तो उचलणार नाही. तुमचा उचलेल."

वसंतरावांनी नंबर लावला. राजवीरनं खरंच उचलला. आवाजात राग नव्हता, आणि तेच वसंतरावांना जड गेलं. नवरात्रातल्या मुक्कामाबद्दल विचारल्यावर तो म्हणाला, "सर, मी सगळा येळ तिथं कुठं हुतो? खंडेनवमीला गावाकडं आलतो. ट्रॅक्टर, विळं-कोयतं पुजायला घरचा गडी नको व्हय? दसऱ्याचं सोनं वाटायला परत गेलतो. दाजींच्या आबांना विचारा की."

"पेटीला हात लावला होतास का?"

"आक्काच्या घरातल्या वस्तूला मी कशापायी हात लावू?" आणि मग, "बरं हायसा न्हवं, सर?"

वसंतरावांनी 'हो' म्हणून फोन ठेवला. गाडी हमरस्त्याला लागली तरी ते खिडकीबाहेर बघत होते.

शिरोली एमआयडीसीत गणपतराव इंगवल्यांचा छोटा कारखाना होता. फौंड्रीतून आलेले व्हॉल्व्हचे ओतीव भाग तिथं लेथवर तासून पुढे पाठवले जायचे. गणपतराव दारातच भेटले. सत्तरीला टेकलेला, काटक माणूस; दोन्ही हातांच्या बोटांना पट्ट्या बांधलेल्या.

"लागलं का हो?" वसंतरावांनी विचारलं.

"लोखंडाचा कीस लागला. चालायचंच. या पावणं, च्या घ्या."

चहा येईतो कालिंदी कारखाना बघत फिरली. तासलेला प्रत्येक भाग गंजू नये म्हणून तेलात बुडवून निथळत ठेवत होते, मग प्लास्टिकात घालून एका तापत्या यंत्रातून सोडत होते. दुसऱ्या टोकाला प्लास्टिक अंगासरशी आवळून बसलेलं. यंत्रावरच्या कामगारानं आपणहून सांगितलं की आत हवा कोंडू नये म्हणून ह्या प्लास्टिकला बारीक भोकं असतात. वसंतराव दसऱ्याच्या खुणा बघून मनाशी हसत होते. लेथला हळदीकुंकू, क्रेनच्या आकड्याला हळदीकुंकू, आणि कचेरीत कॉम्प्युटरच्या कीबोर्डला आणि प्लास्टिकच्या वजनकाट्यालासुद्धा. सगळीकडे पिवळं बोट आणि त्यावर मधोमध लाल टिकली. दिवाळी उलटली तरी कुणी पुसलं नव्हतं.

कारखान्याच्या मागे लोखंडी किसाचा ढीग होता. ढीग कसला, सगळा पसरून ठेवलेला, आणि बाजूला वाळूची चाळणी.

"भंगारवाला येत नाही का?" कालिंदीनं विचारलं.

कामगार म्हणाला, "येतो की. पण दिवाळीपासनं मालकांनी माल उचलूच दिला न्हाय."

गणपतराव चहा घेऊन येताना दिसले, तसा तो गप्प झाला. चहा पिताना कालिंदीनं गणपतरावांना एकच प्रश्न विचारला: राजवीर चोर आहे असं त्यांना वाटतं का? गणपतरावांनी बशीत बघत सांगितलं, "पोरगं चांगलं हाय."

रविवारी सकाळी कालिंदीनं सगळ्यांना सम्राटच्या घरी बोलावलं. अभिराम आला. गणपतराव दाराजवळच्या खुर्चीत बसले. अनुजा उभीच राहिली. राजवीर अर्थातच नव्हता. तलवारीची पेटी टेबलावर होती.

"दोन प्रश्न आहेत," कालिंदी म्हणाली. "पेटी कुणी उघडली, आणि डिस्क कुणी नेली. सम्राट, तुम्ही दोन्हीचं उत्तर एकच धरलंत, तिथं फसलात.

"आधी पहिला प्रश्न. भाऊबीजेच्या आधी ही पेटी उघडली गेली होती, यात शंका नाही. तुम्ही चिठ्ठी नेहमी प्लास्टिकवर लावता, पुठ्ठ्याला गोंद लागू देणार नाही. मग ह्या पेटीचं प्लास्टिक तुम्ही कापून काढल्यावर चिठ्ठी त्याच्याबरोबर जायला हवी होती. ती पुठ्ठ्यावरच राहिली. म्हणजे कुणीतरी जुनं प्लास्टिक काढलं, चिठ्ठी जपून पुठ्ठ्यावर जागच्या जागी लावली आणि वरून नवं प्लास्टिक चढवलं. अभिरामनं असं केलं नसतं. पुठ्ठ्याला गोंद आणि रेझिनला तेल, ही दोन्ही त्याच्या लेखी पापं."

अभिरामनं जोरात मान हलवली.

"मग राजवीरच," सम्राट म्हणाला.

"पेटी फोडा म्हणून तुमच्या मागे कोण लागलं होतं? राजवीर. जिच्यातून स्वतः चोरी केली तीच पेटी चारचौघांत फोडायला लावणारा चोर मी अजून बघितलेला नाही. उलट, ही मिठाई सोडत का नाहीस म्हणून रोज टोमणे मारणारा एक माणूस नेमका त्याच दिवशी म्हणाला, ऱ्हाऊ दे. आणि उठून आत गेला."

वसंतरावांच्या आता कुठे ध्यानात येऊ लागलं, आणि त्यांना ते येऊ नये असं वाटलं.

"तो डाग सांडलेल्या हळदीचा नाही. हळदीचं बोट आणि वर मधोमध कुंकू आहे. पात्याला तेल लावलंय ते गंजू नये म्हणून. ती तलवार प्लास्टिकची आहे की लोखंडाची, हे लावणाऱ्याच्या लेखी गौण होतं. हत्यार म्हणजे हत्यार. ज्या कारखान्यात कीबोर्डला आणि प्लास्टिकच्या वजनकाट्याला हळदीकुंकू लागतं, तिथं तलवार सुटेल कशी? तेल तिथलं, भोकांचं प्लास्टिक तिथलं, आवळायचं यंत्र तिथलं. खंडेनवमीला सम्राट बेंगळुरूला, राजवीर नेसरीला. घरात एकच माणूस होता."

गणपतराव उठून उभे राहिले. उभं राहण्याची काही गरज नव्हती.

"बाई, म्याच उघडली," ते म्हणाले. "खंडेनवमीला सगळी हत्यारं पुजली. लेथ पुजला, पानं-पकडी पुजल्या, कॉम्प्युटरसुदीक पुजला. ह्या सम्राटचं काय पुजायचं? लॅपटॉप ह्याच्यासंगं बेंगळुरूला. कारखान्यात ह्यो पाय ठेवत न्हाय. घरात ह्याच्या नावाचं हत्यार म्हणजे ती एक तलवार. ह्याची आई असती तर तिनं इसरू दिलं नसतं. म्हटलं, पोराचं हत्यार पूजेबिगर ऱ्हायला नको. कारखान्यात न्हेली, पुजली, होती तशी बांधून ठिवली."

"आबा, मग त्या दिवशी बोलला का नाही?" अनुजाचा आवाज फुटला.

"तलवार वढताना पेटी उलथली. सगळं भुईवर पडलं. डबीतनं ती चकती तवाच किसात गेली आसंल, आसं मला वाटलं. म्हटलं, गावली की गुपचूप आणून ठिवतो, मग सांगतो. रोज चाळतोय."

कुणाला विचारावं लागलं नाही, पट्ट्या सगळ्यांना दिसत होत्या. अनुजानं विचारलं, "आणि राजवीरची बॅग पालथी केली तेव्हा?"

"सैपाकघरात हुतो. पाण्याचा तांब्या हातात. सगळं आयकत हुतो."

अनुजा सासऱ्यांकडे बघत राहिली आणि मग तिनं तोंड फिरवलं. सम्राटचा चेहरा लाल झाला होता, पण राग कुणावर काढावा ते त्याला कळत नव्हतं. "म्हणजे डिस्क किसात गेली," तो कसाबसा म्हणाला.

"आता दुसरा प्रश्न," कालिंदी म्हणाली. "सर, मागची चित्रं त्या दिवशी वाचलीत, ती पुन्हा वाचा."

वसंतरावांनी वाचली. तलवार, कापडी नकाशा, चित्रांचं पुस्तक, पोलादी डबी. वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक झाला. डिस्कचं चित्र नव्हतं. हे त्यांनी त्या दिवशी स्वतःच्या तोंडानं वाचलं होतं.

कालिंदीनं चहाचं आधण मागवलं, पेटीच्या तळाचा कोपरा त्याच्या वाफेवर धरला आणि पांढरी चिठ्ठी हळूच सोलून काढली. खाली बारीक इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती. तिनं पेटी सम्राटकडे सरकवली. त्यानं ओळ वाचली, परत वाचली. अनुजा म्हणाली, "मोठ्यानं वाच."

"या पेटीत गेम समाविष्ट नाही," सम्राटनं वाचलं.

"अलीकडे पुष्कळ पेट्यांचं असंच असतं," कालिंदी म्हणाली. "डबी देतात, डिस्क तुमची तुम्ही आणा. गणपतरावांनी जे रोज चाळलं, ते ह्या पेटीत कधी नव्हतंच. तुम्ही पहिल्या तासात बुक केलीत, वाचलं नाहीत. खेळायला गेम वेगळा घेतलात, त्यामुळे तेव्हाही कळलं नाही. आणि जी एक ओळ तुम्हाला सांगत होती, तिच्यावर तुम्ही स्वतःच्या हातानं चिठ्ठी लावलीत. आबांनी बापड्यांनी ती तशीच परत लावली."

अभिराम कसनुसा हसला आणि म्हणाला, घरी जाऊन मलाही सगळ्या पेट्या उलट्या करून बघाव्या लागतील.

"म्हणजे चोरी झालीच नव्हती," सम्राट स्वतःशीच पुटपुटला.

"नव्हती," कालिंदी म्हणाली. "गाडी काढा. नेसरी लांब आहे."

वाटेत, गडहिंग्लज मागे टाकल्यावर, सम्राटनं कालिंदीला विचारलं, असल्या पेट्या घेऊच नयेत का? ती म्हणाली, परवडत असतील तर खुशाल घ्या, पण घरात आणल्यावर घरातल्यांना हाताळू द्या. वडिलांना तुमच्या पेटीतली तलवार बघायला तुम्ही परगावी जायची वाट बघावी लागली, ते काही बरं झालं नाही. सम्राट गाडी चालवत राहिला. मागच्या सीटवर गणपतराव मांडीवर पट्ट्यांचे हात ठेवून बसले होते, आणि त्यांच्या शेजारी वसंतराव. दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं. दोघांचं पाप एकच होतं: एक ऐकून गप्प राहिला होता, दुसऱ्यानं सांगितलं ते मुकाट्यानं केलं होतं.

राजवीर गोठ्यात होता. हात धुऊन आला, सतरंजी टाकली, पाण्याचे पेले आणून दिले. आई दाराआड उभी राहिली, बाहेर आली नाही. अनुजा तिच्याकडे आत गेली. सम्राट उभ्यानंच बोलला. जावयानं धाकट्या मेहुण्यापुढे हात जोडायची रीत त्या घरात कुणी पाहिली नसावी. राजवीरनं घाईनं त्याचे हात खाली केले.

"ऱ्हाऊ द्या, दाजी. तुमची वस्तू गेली वाटलं, डोस्कं फिरलं."

गणपतरावांना तर त्यानं तोंडही उघडू दिलं नाही. "आबा, तुमी वडील माणूस," म्हणून त्यांना ओसरीवर बसवलं आणि बोटांना काय झालं ते विचारलं. गणपतरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही.

मग वसंतराव पुढे झाले. रस्ताभर त्यांनी वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. "राजवीर, चुकलं माझं," ते म्हणाले. "मी तुझ्या बॅगेला हात लावायला नको होता."

राजवीरनं ह्या वेळी 'ऱ्हाऊ द्या' म्हटलं नाही.

"सर, दाजींनी चोर म्हटलं तवा मी भांडायला उठणार हुतो," तो म्हणाला. "पर त्येंनी तुमाला हाक मारली आणि तुमी उठलासा, तवा मी गप बसलो. मला वाटलं, सर न्हाय म्हणायला उठल्यात."

राजवीरनं वसंतरावांच्या हातातला रिकामा पेला घेतला आणि आणखी पाणी आणायला आत गेला.